अज्ञानाची तालीम

संगीत रंगभूमीवरील नवोदित नटाची कारकीर्द गाण्याने सुरू होते, असा सर्वमान्य समज आहे आणि मराठी नाट्येतिहासाने त्याला पुरेसा आधारही पुरवला आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले तेव्हा ते अवघे सतरा वर्षांचे होते, आणि तरीही त्यांच्या वाट्याला पहिलीच भूमिका आली ती शकुंतलेची. परभणी जिल्ह्यात संगीत नाट्याची जी एक याहून पुष्कळ जुनी परंपरा आजही चालू आहे, तिच्यात मात्र नवोदिताचा प्रवेश नेमका उलट्या दाराने होतो. त्याला नायकपद तर मिळत नाहीच, पण गाण्याच्याही आधी ‘काहीच ठाऊक नसणे’ ही विद्या शिकावी लागते; आणि ती फार अवघड जाते, कारण जन्मापासून त्याच घरात वाढल्यामुळे त्याला सर्व काही ठाऊक असते.

ही परंपरा म्हणजे गोंधळ. लग्नानंतर किंवा नवरात्रात कुलदेवतेसाठी रात्रभर चालणारे हे विधिनाट्य, म्हणजे पूजेचा भाग म्हणून केले जाणारे नाट्य होय. अंगात घोळदार झगा, गळ्यात कवड्यांची माळ, हाती पेटती दिवटी, आणि साथीला संबळ, तुणतुणे व झांज एवढ्या सामग्रीवर चारपाच माणसांचा संच यजमानाच्या अंगणात उभा राहतो. धान्यावर कलश मांडून चौक भरला जातो, गावोगावच्या देवांना गाऊन निमंत्रणे दिली जातात आणि त्यानंतर आख्यान, म्हणजे गद्य, पद्य आणि अभिनय यांतून सांगितली जाणारी सलग कथा, सुरू होते. गोंधळ्यांमध्ये रेणुराई आणि कदमराई असे दोन भेद मानले जातात, त्यांतील पहिल्यांचे दैवत माहूरची रेणुका तर दुसऱ्यांचे तुळजापूरची भवानी. परभणीचे राजारामभाऊ कदम यांचे नाव या कलेच्या अभ्यासकांत आदराने घेतले जाते, त्यामुळे या जिल्ह्याला गोंधळाच्या संदर्भात कोणाचीही शिफारस लागत नाही.

पदार्पणाच्या दडपणाविषयी तक्रार करणाऱ्या प्रत्येक नवोदिताला गोंधळ्यांची परंपरा आपल्या आद्य कलावंताचा दाखला देऊ शकते. पहिला गोंधळ परशुरामाने घातला, अशी या समाजाची श्रद्धा आहे. बेटासुराला मारून त्याच्या शिराचे वाद्य त्याने केले आणि ते वाजवत तो आई रेणुकेसमोर उभा राहिला. ज्या मुलाने बापाच्या आज्ञेवरून आईचेच मस्तक उडवले होते आणि नंतर वर मागून तिला परत मिळवले होते, त्याने पहिला प्रयोग त्याच आईपुढे करावा, ही प्रेक्षकवर्गाची निवड धाडसाची म्हटली पाहिजे. त्या मानाने सेलूच्या किंवा मानवतच्या लग्नघरातले चिडलेले मामा हा अत्यंत सौम्य प्रेक्षक ठरतो.

संचाचा मुख्य गोंधळी, म्हणजे नायक, कथा सांगतो आणि त्याचा साथीदार ती मध्येमध्ये अडवतो. ही अडवणूक हाच आख्यानाचा कणा असतो, कारण नायकाने राजाच्या नगरीचे वर्णन केले की साथीदाराने ‘नगरी म्हंजी आपल्या जिंतूरएवढी का?’ असे विचारायचे, नायकाने कपाळाला हात लावायचा, आणि लोक हसून सावरेपर्यंत कथा एक पाऊल पुढे गेलेली असायची, अशी तिची रचना आहे. मराठी रंगभूमीला ही जोडी परकी नाही. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हापासून त्यांच्या खेळांत पदे गाणारा सूत्रधार आणि त्याला भंडावून सोडणारा वनचर वेषातला विदूषक अशी जोडी दिसू लागली, आणि 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगवून पदे पात्रांच्या मुखी दिली, तरी नांदीनंतर सूत्रधाराशी बोलायला कोणी तरी लागतच राहिले. तात्पर्य, सर्वज्ञ माणूस एकटा उभा राहिला की त्याचे व्याख्यान होते, आणि त्याच्याजवळ एक अडाणी उभा केला की त्याचे नाटक होते.

हा अडाणी होण्याचे शिक्षण नवोदिताला टप्प्याटप्प्याने मिळते. प्रारंभी त्याच्या हाती सहसा झांज किंवा तुणतुणे दिले जाते आणि नायकाच्या प्रत्येक वाक्याला ‘जी’ म्हणण्याचे काम सोपवले जाते. हे ‘जी’ वरवर पाहता एकाक्षरी असले तरी त्याला आनंदाचे, शंकेचे, भीतीचे आणि ‘बापू, आता आवरा, पंगत खोळंबली’ असे सुचवणारे निरनिराळे सूर असतात, आणि ते आत्मसात होईपर्यंत एकदोन लग्नसराया सहज जातात. त्यानंतर प्रश्न येतात. नवोदिताची ठरलेली चूक अशी की, कथा पाठ असल्यामुळे तो प्रश्न विचारतानाच उत्तर ठाऊक असलेल्या माणसाचा चेहरा करतो, किंवा प्रसंग यायच्या आधीच घाबरून मोकळा होतो. अशा वेळी नायक, जो बहुधा त्याचा बाप, चुलता किंवा आजा असतो, कथेत खंड न पाडता ‘अजून राक्षस आला नाही रं बाळा, थोडा दम धर’ असे म्हणतो, आणि प्रेक्षक त्याला उत्कृष्ट विनोद समजून दाद देतात. चुकीचे रूपांतर विनोदात करून देणारे इतके उदार विद्यापीठ अन्यत्र आढळत नाही. मात्र त्याची खरी परीक्षा प्रयोगानंतर, चहाच्या वेळी होते.

या शिक्षणाचा सर्वांत कठीण पाठ ‘जांभूळ आख्याना’त येतो. विठ्ठल उमप यांनी शहरी रंगमंचावर गाजवलेल्या या आख्यानाचे पाठ ठिकठिकाणी बदलत असले तरी गाभा असा की, द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी उमटलेली ओढ एका तुटलेल्या जांभळामुळे उघड होते. मनातले खरे बोलल्याखेरीज ते फळ पुन्हा झाडाला लागत नाही. उपरण्याचा पदर डोक्यावर घेऊन नायक क्षणात द्रौपदी होतो आणि पदर खाली टाकून क्षणात भीम होतो, आणि या सर्व काळात कर्ण होण्याची स्वप्ने पाहणाऱ्या नवोदिताला बाजूला उभे राहून, असंख्य वेळा ऐकलेल्या त्या कबुलीचे प्रथमच आश्चर्य वाटून घ्यावे लागते. ठाऊक नसताना ठाऊक असल्याचा आव आणणारे लोक प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी मुबलक भेटतात आणि त्यांना त्यासाठी कोणी नारळ देत नाही. ठाऊक असताना ठाऊक नसल्याचे पटवून देणारा माणूस मात्र घडवावा लागतो.

याला पूरक अशी दुसरी विद्या म्हणजे करपल्लवी, अर्थात बोटांच्या खुणांनी अक्षरे कळवण्याची गोंधळ्यांची सांकेतिक भाषा. डोळ्यांच्या खुणांनी हेच केले की तिला नेत्रपल्लवी म्हणतात. प्रेक्षकाने एका गोंधळ्याच्या कानात नाव सांगायचे आणि दूर बसलेल्या दुसऱ्याने ते ओळखून दाखवायचे, असा तिचा जाहीर चमत्कार असतो. येथे नवोदिताला पूर्ण ज्ञान हवे असते आणि तेही मुळीच दिसता कामा नये. एखादे बोट जरा वाकडे पडले की मदनरावांचे वदनराव होतात, आणि वरबापाचे नाव चुकल्यास बिदागी, म्हणजे कलावंताला द्यायची रक्कम, ठरवताना त्यांची स्मरणशक्तीही तितकीच वाकडी चालते.

अलीकडे या अभ्यासक्रमात काही विषयांची भर पडली आहे. हळद आणि डीजे यांच्या मधल्या सापटीत रात्रभराचे आख्यान अर्ध्या तासात बसवण्याची मागणी होते, आणि देवांना निमंत्रणे देऊन होतात न होतात तोच मंडपातून चित्रपटातल्या गोंधळगीताची फर्माईश येते. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण ऐकत मोठा झालेला इथला तरुण पुण्यामुंबईकडे पाहतो हे खरे, परंतु तेथील नाट्यस्पर्धांत त्याला नायकाची भूमिका मिळण्याची शक्यता असल्याने, निदान मूर्खाची भूमिका नीट करायला शिकवणारे कोणी भेटेलच असे नाही.

कारण या कारकिर्दीतील बढती फार विलक्षण रीतीने होते आणि तिची घोषणा कोठेही होत नाही. पहाटेच्या सुमारास एखाद्या आख्यानात म्हाताऱ्या नायकाची स्मृती दगा देते, पुढचे नाव जिभेवर येत नाही, संबळ एक आवर्तन जास्त घेतो. त्या वेळी कच्चा साथीदार नायकाला नाव सांगून मोकळा होतो, आणि त्यामुळे नायक विसरला ही वार्ता उजाडायच्या आत गंगाखेडपर्यंत पोहोचते. मुरलेला साथीदार मात्र डोके खाजवतो आणि ‘पर बापू, ह्यो कर्ण म्हंजी त्यो सूताघरचा, का दुसरा कोण?’ असे निरागसपणे विचारतो. प्रेक्षक त्याच्या अज्ञानाला हसतात, नायक त्याला यथेच्छ झापतो आणि नेमक्या जागेवरून कथा पुढे नेतो. या प्रश्नानंतर घरी कोणी काही बोलत नाही. फक्त पुढच्या सुपारीला नायकाचे उपरणे त्याच्या खांद्यावर येते आणि धाकट्या भावाच्या हाती झांज देऊन, त्याला कथेतले काहीएक ठाऊक नाही याची पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली जाते.