सिंगल ओनर साहेबांस अनावृत पत्र

साहेब,



वर्ष झालं, तुमचा फोन लागत नाही. गाडी माझ्या नावावर होईपर्यंत तो पहिल्याच रिंगला उचलला जायचा. म्हणून पत्र उघडंच लिहितो आहे. कोणाच्या तरी ओळखीत असालच.

आधी कौतुक. खाडीकाठी 12 वर्षं उघड्यावर उभी असलेली गाडी तुम्ही मला 1 लाख 15 हजारांना दिलीत, वर चहाही पाजलात. जाहिरात होती, ‘सिंगल ओनर, फॅमिली वापर, फक्त 38 हजार किलोमीटर’. आत बसलो तर क्लच-ब्रेकच्या पेडलांवर कोरी करकरीत रबरं. म्हटलं, काय टापटिपीचा माणूस! 38 हजारांत पेडलचं रबर झिजत नाही, आणि झिजलंच असेल तर आकडा खोटा, हे गणित मला सुटलं पैसे दिल्यावर चार महिन्यांनी.

यात माझी लाज जास्त. मी न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात सर्व्हे करतो. रिकाम्या कंटेनरचं भोक शोधायची आमची रीत साधी आहे. आत शिरायचं, बाहेरच्याला दारं लावायला सांगायचं आणि काळोखात उभं राहायचं. टाचणीएवढं भोक असलं तरी उजेड आत येतो. रोज हेच करणाऱ्या माणसाने तुमच्या गाडीचं मॅट उचलून पाहिलं नाही. पहिल्या पावसात मोजे भिजायला लागले तेव्हा उचललं. खाली वाढदिवसाच्या फ्लेक्सचा तुकडा चिकटवलेला होता, त्यावर कोणा दादांचे जोडलेले हात. हात बाजूला केले तर थेट डांबर दिसलं. मेकॅनिकने कडेला स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत गेला. म्हणाला, “दादूस, यो पत्रा नाय, पापर हाय.”

हवेला दोष देता येतो, मान्य. आमच्या उरण तालुक्यात एकीकडे मिठागरं, दुसरीकडे खाजणं. मीठ ओल धरून ठेवतं आणि खारट ओलीत लोखंड भराभर गंजतं. कंटेनर कॉर्टेन पोलादाचा, बाजूचा पत्रा दीड-दोन मिलिमीटर, तरी त्यालाही ठिगळं लागतात. गाडीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर. पण दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळायला बारीक भोकं ठेवलेली असतात, ती तर हवेने बुजवली नाहीत ना? तुम्ही ती पुट्टीने लिंपून वर रंग मारलात. बाहेरून आरसा, आतून दार सडतंय. फ्लोअर आणि दोन दारं, वेल्डिंग-रंगासकट 14 हजार.

न्हावा शेव्याचं बंदर 1989ला सुरू झालं, तेव्हापासून इथल्या रस्त्यांवर ट्रेलरचं राज्य. जासईच्या बाजूला खड्ड्यात चाक गेलं की पुढून टाळ वाजायचे. लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश, दोन्ही बाजूंचे, 6,200. क्लच मात्र मी स्वतः ट्रेलरच्या रांगेत हाफ क्लचवर जाळला. ते 7,500 तुमच्या खाती मांडत नाही. हिशेबाला मी चोख आहे.

तुमची खरी कलाकुसर कळली अटल सेतूवर. हौसेने 250 रुपये टोल भरून सहकुटुंब निघालो. 21.8 किलोमीटरचा सेतू, त्यातला 16.5 समुद्रावर, थांबायची सोय नाही. पहिल्यांदाच गाडी 80ने सलग पळाली आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. बॉनेटमधून वाफ, मागच्या सीटवर सासूबाई, दोन्हीकडे समुद्र. क्रेनने उतरवलं. मेकॅनिकने इंजिन उघडलं तेव्हा थर्मोस्टॅट जागेवरच नव्हता. रेडिएटर गंजाने चोंदलेला, पाणी अर्ध्याच नळ्यांतून फिरणार. म्हणून तुम्ही थर्मोस्टॅटच काढून टाकलात, म्हणजे गावातल्या चकरांना काटा शहाण्यासारखा खाली राहतो. सर्दीला नाक कापण्यातला उपाय, पण गिऱ्हाइकाला टेस्ट ड्राइव्ह गावातच देताय तोवर चालतो. इंजिनचं हेड वाकलं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहावर धरते तशी साय. हेडचं फेसिंग, गॅस्केट, रेडिएटर, मजुरी मिळून 17,800.

एसीचं लिहीत नाही. कूलिंग कॉइल फुटलेली आहे, आम्ही काचा उघडतो.

मेकॅनिकच्या वहीत माझं पान भरलं, आता पाठपोट चाललंय. नशीब बघा, सुट्या भागांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025ला 28 टक्क्यांवरून 18वर आला, तोवर माझी खरेदी उरकली होती. पुढे पंधरा वर्षं भरली की पुन्हा पासिंग. त्याची 600 रुपयांची फी एप्रिल 2022पासूनच 5,000 झाली आहे. तुम्ही नेमक्या कोणत्या वयाला गाडी विकावी याचा अभ्यास केलेला दिसतो. कधी शिकवणी घेतलीत तर कळवा.

कळावे,
आपला,
सेकंड ओनर

ता.क. हे करळ फाट्याजवळ रस्त्याच्या कडेला बसून लिहितो आहे. मागचं चाक बसलंय. स्टेपनीत हवा आहे, जॅकही सापडला. चाकाचा पाना कुठे ठेवलात? आत्ताच फोन करून पाहिला, लागला नाही.