गल्लीतला कॅप्टन

गड्ड्याच्या जत्रेत सोलापूरकर माणूस होम मैदानावर जातो, पाळण्यात बसतो, भजी खातो, पोरांना शिट्ट्या घेऊन देतो आणि ती पोरं रात्रभर शिट्ट्या वाजवतात म्हणून त्यांना ओरडतो. आमचा कॅप्टन मात्र खेळण्यांच्या ढिगासमोर उकिडवा बसलेला असतो. वय पन्नाशीच्या पुढं, कपाळावर चष्मा, हातात प्लॅस्टिकची बंदूक. दुकानदार आपुलकीनं विचारतो, "नातू केवढा आहे ओ?" कॅप्टनला ऐकूच येत नाही. तो नळीवरच्या जोडाच्या रेषेवरून नख फिरवत असतो. मग "नवा माल पातळ झालाय की ओ," असं म्हणून उठतो आणि भंगारवाल्याकडे चालू लागतो.

दर पेठेत असा एखादा सापडतो. दिवसा तो कुठल्यातरी कचेरीत सह्या करतो. रात्री जेवण झालं की जुनी खेळणी फोडतो आणि त्यांतून टीव्हीवरच्या विज्ञान मालिकांतली शस्त्रं, यंत्रं हुबेहूब उभी करतो. दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणाऱ्या 'स्टार ट्रेक'नं त्याला पहिल्यांदा बिघडवलं. पुढं 'स्पेस सिटी सिग्मा' आली. 1998 साली केतन मेहतांच्या 'कॅप्टन व्योम'मध्ये मिलिंद सोमण अवकाशात निघाला, तेव्हा तर याची नोकरी लागलेली होती. बरोबरीचे मित्र क्रिकेटकडे गेले, राजकारणाकडे गेले, प्लॉटिंगकडे गेले. हा अवकाशातून खाली उतरलाच नाही.

त्याच्या घरी न्हाणीतली बादली ही प्रयोगशाळा. आलेला प्रत्येक तुकडा आधी पाण्यात पडतो. तरंगला की नापास, कारण पिचकारीचं पॉलिथिन तरंगतं आणि त्यावर रंग धरत नाही, दोन दिवसांत पोपडे निघतात. बुडाला की पास. मग पॉलिश पेपरनं घासायचं, भेगेत खायचा सोडा भरून वर फेविक्विकचा थेंब सोडायचा. चर्र होऊन दगडासारखं घट्ट बसतं. भज्यांच्या वेळी सोड्याचा डबा रिकामा का निघतो, हे कोडं वहिनींना फार उशिरा उलगडलं.

सोलापूरचं असण्याचे त्याला दोन फायदे. एक, पूर्व भागातले मागवाले मित्र. यंत्रमागावरच्या प्लॅस्टिकच्या कांड्या तो पिशवी भरभरून आणतो. कांडीच्या बुडाशी असलेल्या खाचा लेझरच्या नळीला जशा शोभतात तशा दुसरं काहीच शोभत नाही, असं त्याचं ठाम मत आहे. मीही एकदा पाहिलं. खरंच शोभतात. दुसरा फायदा ऊन. पिवळं पडलेलं पांढरं प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड फासून उन्हात ठेवलं की पुन्हा उजळतं. परदेशात लोक यासाठी अतिनील दिवे विकत आणतात, इथं गच्ची आहे. एकदा मे महिन्यात मात्र काळी रंगवलेली बंदूक पत्र्यावर दुपारभर राहिली आणि नळी मान टाकून बसली. कॅप्टननं ती टाकली नाही. "ही शत्रूपक्षाची," म्हणाला आणि कपाटात वेगळ्या खणात ठेवली.

सगळं जमलं, चंदेरी रंग चढला, वस्तू झळकायला लागली, की तो तिच्यावर पातळ काळा रंग ओततो आणि फडक्यानं पुसून घेतो. कोपऱ्याकोपऱ्यात मळ बसतो. युद्धावर जाऊन आल्यासारखी दिसली पाहिजे! वहिनी म्हणतात, "घरात मळकं ते यांना दिसत नाही, आणि चकचकीत ते हातानं मळवतात."

गंमत पुढंच आहे. ज्यांची हा इतकी हुबेहूब नक्कल करतो, ते मूळ कारागीर असले लाड करत नव्हते. 'स्टार ट्रेक'मधल्या डॉक्टरची उपकरणं म्हणजे चक्क मिठाच्या दाण्या होत्या. एका भागासाठी नव्या धर्तीच्या दाण्या आणल्या, त्या दाण्या वाटेनात, म्हणून डॉक्टरच्या हाती गेल्या. 1963 साली बीबीसीच्या 'डॉक्टर हू'मध्ये आलेल्या डालेक नावाच्या यंत्रराक्षसाचा हात म्हणजे तुंबलेली मोरी मोकळी करायचा रबरी पंप. त्यांनी हाताला लागेल ते उचललं आणि चित्रीकरण उरकलं. आमचा कॅप्टन तीच दाणी मिलिमीटरच्या हिशेबानं महिनोन्‌महिने घडवत बसतो. बाजारात साधी दाणी मिळते, हे त्याला सांगून उपयोग नाही. ती "पडद्यावरची" नसते.

रंगावरून तर तो भांडतो. "हा राखाडी नाही बे, निळसर राखाडी!" समोरचा गप्प होतो. त्याला ठाऊक नसतं, की कॅप्टननं ती मालिका शेजाऱ्यांच्या घरी, काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर, अँटेना फिरवणाऱ्याला खालून ओरडून सांगत पाहिली होती.

तेव्हा तुमच्या माळ्यावर जुनी प्लॅस्टिकची बंदूक, रोबो, बिनचाकाची आगगाडी असेल तर खुशाल त्याला द्या. सेल आधी काढा, ते गळलेले असतात. आणि परत मागायला जाणार असाल तर दोन तास मोकळे ठेवा. ती कुठल्या भागात कुणी कुणावर रोखली होती, हे पूर्ण ऐकल्याशिवाय वस्तू हातात मिळत नाही.