एकसदस्यीय अकादमी, मुक्काम उमरखेड

‘अनोरा’ मला आवडणार नाही, हे मी तो बघण्याआधीच जाहीर करून टाकलं होतं. पुढं त्याला उत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाली आणि चौकातली मंडळी माझ्याकडं रोखून बघायला लागली. मी म्हटलं, पाच मिळाली म्हणून मत बदलायला मी काय नगरसेवक आहे?

माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. मार्चमध्ये शेतकरी हळद शिजवण्यात गुंतलेला, खरिपाचं बियाणं अजून लांब. अशा दिवसांत काही दुकानदार काउंटरवर डोकं टेकून झोपतात, मी जागतिक सिनेमाकडं लक्ष देतो. गिऱ्हाईक विचारतं, ‘‘भाऊ, युरिया आला का?’’ मी म्हणतो, ‘‘युरिया यायचाय. पण संकलनाचं ऑस्कर यंदा कोणाला जावं, असं वाटते तुम्हाला?’’ गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकतं, डीएपीचा भाव विचारतं आणि समोरच्या दुकानात जातं. समोरच्याला सिनेमातलं काही कळत नाही, त्यामुळं त्याचा धंदा बरा चालतो.

2025 चा सोहळा 2 मार्चला झाला. लॉस एंजेलिसमध्ये रविवारची संध्याकाळ, आमच्याकडं सोमवारची पहाट. सूत्रसंचालक कोनन ओब्रायननं मध्येच हिंदीत नमस्कार केला आणि नाश्त्याचा विषय काढला. नेमकी तेव्हाच माझ्या हातात पोह्यांची ताटली होती. सगळ्या भारताला उद्देशून बोलला असेल तो, पण मला वाटलं, अखेर त्यांना पत्ता लागला. इतकी वर्षं मी इथून त्यांच्या सिनेमांचं भलंबुरं ठरवतोय, कधीतरी दखल घेणारच की! मी बायकोला हाक मारली, ‘‘अगं ऐक, माझ्याशी बोलतोय!’’ ती आतून म्हणाली, ‘‘त्यालाच विचारा मग, आज नळ येणार आहे का.’’

आता, सिनेमा न बघता मत देणं ही काही लोकांना थापेबाजी वाटते. त्यांच्यासाठी सांगतो. एप्रिल 2025 मध्ये खुद्द अकादमीनं नवा नियम काढला: अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचंय, त्या विभागातले सगळे सिनेमे सभासदानं पाहिलेले असले पाहिजेत. पहिलं ऑस्कर दिलं 1929 साली, आणि ही सक्ती सुचली 2025 साली! मधल्या काळात हॉलिवूडची पद्धत आणि माझी पद्धत एकच होती. फरक एवढाच की ते दहा हजारांच्या आसपास आहेत, मी एकटा आहे. त्यामुळं माझ्याकडं एकमत लवकर होतं.

त्यांचं उत्कृष्ट चित्रपटाचं मतदान पसंतीक्रमानं चालतं. दहा सिनेमांना एक ते दहा आकडे द्यायचे, कुणाला बहुमत नसेल तर तळाचा बाद करून त्याची मतं पुढच्या पसंतीला वळवायची. हे पुण्यामुंबईच्या समीक्षकांना फोड करून सांगावं लागतं. आमच्या अमरावती पदवीधर मतदारसंघात 2023 साली याच पद्धतीची मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत चालली होती, त्यामुळं उमरखेडचा कोणताही पदवीधर अकादमीला दोन गोष्टी शिकवू शकेल. ‘कॉन्क्लेव्ह’ही मला त्याचमुळं आवडला. बंद दाराआड कार्डिनल लोकांचं पोप निवडायला गुप्त मतदान, फेरीमागून फेरी, कोपऱ्यात कुजबुज. चांगला आहे, पण त्यांच्यात ‘बिनविरोध करून टाका’ म्हणणारा एकही जाणता माणूस नाही, ही पटकथेतली उणीव.

‘द ब्रुटलिस्ट’बद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय, म्हणजे खरं तर त्याच्या मध्यंतराबद्दल. सिनेमा 215 मिनिटांचा. मधोमध पंधरा मिनिटांचं मध्यंतर, पडद्यावर एक जुना फोटो आणि उलटी मोजणी करणारं घड्याळ. यावर पाश्चात्त्य समीक्षकांनी जे रकाने भरले! केवढं धाडस, केवढा प्रयोग! अरे, ‘संगम’ला आमच्याकडं दोन मध्यंतरं होती, ‘मेरा नाम जोकर’लाही दोन. तुमच्याकडंही ‘बेन हर’ला, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ला होतंच की. तुम्ही ते मधल्या काळात गमावलं, आम्ही सोडलं नाही. आम्ही तर तुमच्या नव्वद मिनिटांच्या सिनेमालाही भर वाक्यात कापून दिवे लावतो. नायक ‘आय लव्ह’ म्हणतो आणि आपण आलूबोंडा घेऊन परत आल्यावर तो ‘यू’ म्हणतो. तेवढ्या वेळात नायिकेलाही नीट विचार करायला मिळतो.

मध्यंतर म्हणजे सिनेमा थांबणं, हा शहरी गैरसमज आहे. सिनेमा तिथंच तर सुरू व्हायचा. दिवे लागले की खालच्या वर्गातला माणूस मान वळवून बाल्कनीत कोण कोण आलंय ते बघायचा. बाल्कनीतला माणूस आपल्याला कुणी बघतंय का ते बघायचा. ज्या मास्तरांनी सकाळी वर्गात सिनेमाच्या दुष्परिणामांवर निबंध दिला, ते मास्तर शेंगदाण्याची पुडी घेऊन खांबामागं उभे. गोटीच्या सोड्याचा फटकन आवाज, मुतारीपुढची रांग, आणि त्या रांगेत चाललेली पूर्वार्धाची चर्चा. मराठी चित्रसमीक्षेचा इतिहास कुणी लिहिलाच, तर त्या रांगेवर एक प्रकरण हवं.

आणि गेटपास! मध्यंतरात बाहेर जाणाऱ्याला डोअरकीपर एक चिठोरं द्यायचा. मी आणि माझा एक वर्गमित्र एका तिकिटात ‘शोले’ बघून आलो तो या चिठोऱ्याच्या जोरावर. पूर्वार्ध त्यानं पाहिला, उत्तरार्ध मी. मग रात्री पारावर बसून देवाणघेवाण. ठाकूरचे हात कसे गेले ते मला त्याच्याकडून कळलं, आणि जय कसा गेला ते त्याला माझ्याकडून. त्यानं मला सांगितलेला पूर्वार्ध तलवारबाजीसह होता. मीही त्याला उत्तरार्धात दोन गाणी वाढवून दिली. पुढं कधीतरी मी ‘शोले’ सलग पाहिला आणि तो मला जरा तोकडा वाटला. माझ्या समीक्षेची बैठक तिथं पक्की झाली: सिनेमा बघितल्यानं मत बिघडतं.

असो. ‘द ब्रुटलिस्ट’ चांगला आहे. वास्तुविशारदाची गोष्ट आहे. भिंती मोठ्या आहेत.

‘एमिलिया पेरेझ’ला त्या वर्षीची सर्वाधिक, तेरा नामांकनं होती, आणि त्याच्यावर माझा राग खरा आहे. हा सिनेमा मी नीट, सबटायटल वाचत, पूर्ण पाहिला. दिग्दर्शक फ्रेंच, भाषा स्पॅनिश, गोष्ट मेक्सिकोची, चित्रीकरण बहुतेक फ्रान्सात. मेक्सिकोतले लोक भडकले की ही आमची बोली नव्हे, हे आमचं दुःख नव्हे. मला मेक्सिकोचा म सुद्धा माहीत नाही, तरी मी त्या दिवशी मनानं मेक्सिकन झालो. कारण आमच्याबाबतीत हेच चालतं. मालिकेत वऱ्हाडी माणूस दाखवायचा म्हणजे दर वाक्याच्या शेवटी ‘ना बाप्पा’ आणि मध्ये ‘बे’ ठोकायचं. माणूस नोकर तरी असणार, नाहीतर गाढव तरी. आमच्या उमरखेडची तर आणखीच पंचाईत. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. जिल्हा यवतमाळ, पण खरेदीला नांदेड जवळ. बोली दोन्हीकडची. आमची नक्कल कशी करायची हेसुद्धा त्यांना ठरवता येत नाही, म्हणून आम्हाला टीव्हीवर घेतच नाहीत. हा अपमान की बचाव, याचा निकाल मी अजून राखून ठेवलाय.

याला उत्तर म्हणून मी नेहमी ‘नाळ’चं नाव घेतो. 2018 साली आलेला. त्यातला चैत्या झालेला श्रीनिवास पोकळे अमरावतीकडचा पोरगा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढं ‘नाळ 2’ साठी पुन्हा मिळाला. तो बोलतो तेव्हा आमच्या दुकानात पावती फाडणारा पोरगा बोलल्यासारखा वाटतो. आणि दिग्दर्शक सुधाकर रेड्डी आंध्रातून आलेला! म्हणजे बाहेरच्या माणसाला जमत नाही असं नाही. ऐकायचं ठरवलं तर तेलुगू कानालाही वऱ्हाडी ऐकू येते.

भारतातर्फे ऑस्करला काय पाठवायचं, यावर तर मी सोहळ्याआधीच्या सप्टेंबरात दुकान बंद करून बोललो असतो. 29 सिनेमांतून फिल्म फेडरेशननं ‘लापता लेडीज’ निवडला. कानमध्ये ग्रांप्री मिळवून आलेला पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ मागं राहिला. तो भारतात घडणारा युरोपीय सिनेमा वाटतो, असं फेडरेशनच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं. दवाखान्यात स्वयंपाक करणारी बाई, खोली खाली करायला लावणारा बिल्डर, शेवटी रत्नागिरीकडं परत जाणं. यातलं युरोप कुठं आहे ते मी नकाशात शोधतोय. ‘लापता लेडीज’ पुढं पंधरांच्या यादीतही आला नाही. गंमत अशी की दोन्हीकडं छाया कदम! तिकडं मंजू माई, इकडं पार्वती. आमच्या गल्लीत ‘मंजू माई’ म्हणून तिचा उदोउदो चालला होता तेव्हा माझी बायको शांतपणे म्हणाली, ‘‘ही ‘फँड्री’तली जब्याची आई आहे. तुम्ही सगळ्यांनी आता ओळखली होय?’’ आमच्या घरातली खरी समीक्षक कोण, हे मी त्या क्षणी ओळखलं आणि लगेच विषय बदलला.

पार्वतीकडं त्या खोलीचा एकही कागद नसतो. नवरा मेला, आणि कागद काही ठेवून गेला नाही. त्या वर्षी परभाषी चित्रपटाचं ऑस्कर ज्याला गेलं, त्या ब्राझीलच्या ‘आय एम स्टिल हिअर’मध्येही एक कागदच आहे. 1971 साली लष्कर रुबेन्स पायवाला घरातून घेऊन गेलं. त्याच्या बायकोला, युनिसला, त्याचा मृत्यूचा दाखला मिळाला 1996 साली. दाखला हातात घेऊन ती हसते.

हे मी काउंटरवर मोबाइल टेकवून बघत होतो. माझ्याकडं मत तयार नव्हतं. काही वर्षांपूर्वी याच काउंटरवर एका बाईनं कॅरीबॅगमधून कागद काढून ठेवले होते. तिच्या नवऱ्यानं फवारणीचंच औषध घेतलं होतं. सरकारच्या एक लाखाच्या मदतीसाठी जमीन नावावर लागते, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं. त्याचं कर्ज होतं माझ्या उधारीच्या वहीत. तिला माझ्या लेटरहेडवर तसं लिहून हवं होतं. मी लिहून दिलं, शिक्का मारला. दुकानदाराची उधारी त्यात धरत नाहीत, हे मला माहीत होतं. तिलाही बहुधा माहीत होतं. समितीनं प्रकरण अपात्र ठरवलं. कागद सगळे पाहिले असतील त्यांनी, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तेवढ्यात कुणीतरी युरिया विचारत आलं, ते बरं झालं.

राहिला ‘फ्लो’. लाटव्हियाला पहिलं ऑस्कर मिळवून देणारा अ‍ॅनिमेशनपट. हा एकच सिनेमा आम्ही घरी सगळ्यांनी मिळून टीव्हीवर पाहिला. ‘अनोरा’ मी जेव्हा केव्हा पाहिला असेल, तेव्हा तो कुठं आणि कोणत्या अवस्थेत पाहिला हे घरात विचारू नये. ‘फ्लो’त एकही संवाद नाही, त्यामुळं मला भाषांतर करून शहाणपणा दाखवायला वाव नव्हता. पूर येतो, माणसं कुठंच नाहीत, आणि एका नावेत मांजर, कुत्रा, लेमूर, एक लांब पायांचा पक्षी आणि कॅपीबारा. बायकोला लेमूर आवडला. पाणी गळ्याशी आलं तरी आरसा, भांडीकुंडी टोपलीत सांभाळून नेतो म्हणून. आई चष्मा सावरत कॅपीबाराकडं टक लावून होती.

‘‘हे डुकरावानी कोनतं जनावर हाय रे?’’

मी नाव सांगितलं. दक्षिण अमेरिकेत असतं, गवत खातं, जगातला सगळ्यात मोठा कुरतडणारा प्राणी, वगैरे. अकादमीचा सभासद आहे शेवटी.

‘‘सोयाबीन खाते का?’’

‘‘मिळालं तर सोडणार नाही बहुतेक.’’

‘‘मंग त्याले नावंत कामून घेतलं?’’

मी सांगितलं, तोच आधीपासून नावेत होता, मांजर नंतर चढलं. आईनं जरा विचार केला, पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, ‘‘मंग ठीक हाय. खाऊ दे दोन-चार शेंगा.’’