उलाळ

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. पदवी मिळाल्यापासून जन्मभर सॉफ्टवेअर लिहीत आलो, त्यामुळे हे वाक्य मोठ्याने म्हणण्याची वेळ तीनदाच आली: लग्न ठरताना, वॉशिंग मशीन उघडताना आणि गेल्या सप्टेंबरात डेन्व्हरहून सॉल्ट लेक सिटीला नाटकाचा सेट नेण्यासाठी 16 फुटी बंद ट्रेलर गाडीमागे जोडताना. लग्न टिकलं आहे. वॉशिंग मशीन नवीन आणावं लागलं. राहिला ट्रेलर.

नाटक तीन अंकी आणि कौटुंबिक. म्हणजे झोपाळा आलाच. हा झोपाळा खरा सागवानी, पितळी कड्यांचा, घरसामानाच्या कंटेनरमधून समुद्रमार्गे आलेला, आणि उचलायला चार माणसं लागणारा. शिवाय सेटचे फ्लॅट (म्हणजे खोट्या भिंती), लेव्हल (म्हणजे चौथरे), एक कपाट, एक सोफा, दोन स्पीकर आणि थर्माकोलचं तुळशी वृंदावन. वृंदावन मी स्वतः दोन शनिवार खर्चून रंगवलं होतं. त्याचं कौतुक अजून कोणी केलेलं नाही, म्हणून इथे नोंद करून ठेवतो.

भरण्याची योजना माझीच. हलके फ्लॅट आधी, आत खोलवर. जड लेव्हल, कपाट आणि झोपाळा शेवटी, मागच्या दाराशी. उतरवायला सोपं! सगळ्यांनी माना डोलावल्या. बापूकाका तेवढे हात मागे बांधून उभे होते. काका कराडजवळच्या गावाहून सहा महिन्यांसाठी आलेले, वय 78, तरुणपणी ऊस भरून बैलगाडी कारखान्यावर नेलेले.

“येवढं जड समदं मागं?” काका म्हणाले.

“काका, याला दोन आस आहेत, चार चाकं. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे.”

“मग ऱ्हाऊ दे,” काका म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

शायेनपाशी आम्ही आय-80 महामार्गाला लागलो. पुढे 8,640 फुटांवर, या महामार्गाच्या सर्वांत उंच ठिकाणी, अब्राहम लिंकनचं प्रचंड ब्राँझचं डोकं ग्रॅनिटच्या चौथऱ्यावर खाली बघत बसलंय. बायकोने फोटो काढला. काकांनी विचारलं, “ह्यो येवढा उदास का?” मी म्हणालो, इथलं हवामान. प्रेक्षणीय स्थळं संपली.

लॅरमी सोडल्यावर रस्त्यावरच्या विजेच्या फलकाने कळवलं की पुढे ताशी 40 मैलांहून जोराचा वारा आहे, हलक्या आणि उंच गाड्यांनी जपावं. आपली गाडी हलकी नाही, भरलेली आहे, असं मी बायकोला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. काका समोर असले की ती मला ‘अहो’ म्हणते, नसले की ‘अरे’, आणि प्राण कंठाशी आले की नुसतं नाव. त्या क्षणी आम्ही अजून ‘अहो’वर होतो.

या रस्त्याची गोष्ट मला मागाहून कळली. 1860च्या दशकात रेल्वे टाकणाऱ्यांनी एल्क माउंटन टाळून उत्तरेने, मेडिसिन बोवरून लोहमार्ग नेला. जुना महामार्गही तसाच गेला. आय-80 आखणाऱ्यांनी मात्र अंतर वाचवायला सरळ डोंगराच्या पायथ्याशी रेघ मारली. तिथल्या गुराख्यांनी सांगून पाहिलं होतं की बाबांनो, इथे वारा राहतो. ऑक्टोबर 1970मध्ये रस्ता खुला झाला आणि चार दिवसांत हिमवादळाने बंद पडला. हे वाचून मला फार बरं वाटलं. माझ्याआधीही शिकलेल्या माणसांनी अनुभवी माणसांचं ऐकलं नव्हतं, आणि तेही सरकारी खर्चाने.

आर्लिंग्टनच्या अलीकडे डोंगरावर पवनचक्क्या दिसल्या. “चाळकेवाडी!” साताऱ्याकडच्या पवनचक्क्या आठवून काका एकदम खुलले. मी ताशी 70 मैलांवर होतो. त्याच वेळी डावीकडून एक अजस्र ट्रक आम्हाला ओलांडू लागला.

असा ट्रक शेजारून जाताना त्याच्या नाकापुढची हवा आधी तुमच्या ट्रेलरला बाहेर ढकलते, मग बाजूची हवा आत ओढते. त्यात आमचा ट्रेलर म्हणजे 16 फूट लांब आणि जवळजवळ 7 फूट उंच अशी चाकांवरची भिंत. तिचं शेपूट उजवीकडे गेलं. मग डावीकडे. मग आणखी उजवीकडे. आरशात मला एकदा ट्रेलरची उजवी बाजू दिसे, एकदा डावी, आणि दोन्ही बाजू दिसणं चांगलं नाही एवढं इंजिनिअरिंग मला येत होतं.

मी स्टिअरिंग उलटं फिरवलं. पण माझी दुरुस्ती दर वेळी अर्धा ठोका उशिरा पोचत होती. मी डावीकडे वळवेपर्यंत ट्रेलरही डावीकडे निघालेला. म्हणजे मी त्याला थोपवत नव्हतो, झोका देत होतो. मग मी करू नये ते केलं: ब्रेक दाबला. गाडी मंदावली, मागचे 5,200 पौंड मंदावायला तयार नव्हते, आणि त्यांनी आम्हाला मागून रेटायला सुरुवात केली.

बायकोने माझं नाव घेतलं. नुसतं. पूर्ण. आडनावासकट.

आणि हात पुढे करून तिने डॅशबोर्डखालच्या काळ्या डबीवरची पट्टी अंगठ्याने सरकवली. ती पट्टी फक्त ट्रेलरचे ब्रेक लावते. आदल्या रात्री मी आडव्या वाऱ्याचे व्हिडिओ बघून घोरत होतो, तेव्हा तिने डबीची पुस्तिका वाचली होती. “पाय काढ! स्टिअरिंग सरळ धर!” मी ब्रेकवरचा पाय उचलला. मागून कोणीतरी दोरी ताणल्यासारखा ट्रेलर ताठ झाला, आणखी दोनदा शेपूट हलवून गप्प बसला. मी बाहेरच्या पहिल्या रस्त्याने उतरलो. काका मागच्या सीटवर रामरक्षा म्हणत होते, फलश्रुतीपर्यंत पोचले होते.

खाली उतरलो तर वाऱ्याने दार हातातून हिसकावलं. काका वाकत वाकत ट्रेलरच्या पुढच्या दांडीपाशी गेले, तिथली खुंटी फिरवून फिरवून दांडी गाडीवरून जराशी उचलून बघितली, आणि सरळ उभे राहिले.

“आरं, हिच्यात भारच न्हाई. गाडी उलाळ झालीया!”

हा शब्द मी पस्तीस वर्षांनी ऐकत होतो. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की पुढचं जू वर उचलतं. त्या अवस्थेला उलाळ म्हणतात. इथे त्या दांडीला जीभ म्हणतात, आणि ट्रेलरच्या एकूण वजनापैकी 10 ते 15 टक्के त्या जिभेवर हवं, म्हणजे सामानाचा साधारण 60 टक्के भार आसाच्या पुढे. त्याहून कमी झालं की ट्रेलर गाडीमागे चालत नाही, गाडीला धरून वाटेल तसा नाचतो, आणि वेग एका मर्यादेपलीकडे गेला की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. माझ्या जिभेला वजन नाही हे घरात पूर्वीच ठरलेलं होतं. आता त्याचा भौतिक पुरावा मिळाला.

मला वाटलं काका हसतील. पण ते त्या दांडीवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

“मी बारा वर्सांचा आसंन. कडबा भरला, समदा मागं. चढाला जू वर उचललं नि बैलाला गळफास बसला. डोळं पांढरं केलं त्यानं. बानं मारलं न्हाई मला. गाडी सोडली, जू माझ्या मानंवर ठिवलं नि म्हनला, चल चार पावलं.” काका थांबले. “सर्ज्या नाव हुतं त्येचं.”

मग त्यांनी आमच्या गाडीच्या बॉनेटवर दोनदा थोपटलं. मी तोंड फिरवलं. वाऱ्याने डोळ्यांत धूळ जात होती.

पुढचा दीड तास आम्ही त्या वाऱ्यात ट्रेलर रिकामा करून पुन्हा भरला. झोपाळा उचलायला चार माणसं लागतात, आम्ही अडीच होतो. कपाट, लेव्हल, झोपाळा आसाच्या पुढे, दोन्ही बाजूंना सारखा भार, पट्ट्यांनी आवळलेला, फ्लॅट मागे. या धांदलीत तुळशी वृंदावन खाली ठेवलं गेलं, आणि थर्माकोलला वायोमिंगात जमिनीवर राहण्याची इच्छा नसते. ते उठलं, कुंपण ओलांडून माळावर निघालं. तिथली हरणं उत्तर अमेरिकेतली सर्वांत वेगवान जनावरं मानली जातात. त्यांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. काकांनी हात जोडले. बायको म्हणाली, “अहो, तुमचं वृंदावन.” ‘अहो’ परत आलं, यावरून धोका टळल्याचं मी ओळखलं.

रॉलिन्सला ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर गाडी घातली. काट्यापाशी काका एकदम घरच्यासारखे झाले. “हितं काटा मारत्यात का?” त्यांनी काचेआडच्या मुलीला मराठीतच विचारलं. तिने हसून मान डोलावली, त्यामुळे काकांचा अमेरिकेवर विश्वास बसला. एकदा ट्रेलर जोडून आणि एकदा सोडून तोललं: जिभेवर 620 पौंड, म्हणजे 12 टक्के. माझ्या कुठल्याही पेपरात एवढा अचूक आकडा आला नव्हता, आणि हा काकांनी नजरेने आणला होता.

मी आता ट्रेलरसाठी स्प्रिंगच्या दांड्यांचा जोडही घेतला आहे. तो जिभेवरचा भार गाडीच्या पुढच्या चाकांपर्यंत पोचवतो आणि घर्षणाने झोके दाबतो. ट्रेलरच्या टायरांत हवा पूर्ण भरतो. काकांना हे सगळं दाखवलं. “चांगलं हाय,” ते म्हणाले. “पन आदी भरायला शीक. चुकीचं भरल्यालं ह्ये झाकंल फकस्त.”

प्रयोग उत्तम झाला. नायिकेने दिवा एका प्लॅस्टिकच्या कुंडीपुढे लावला. झोपाळा दुसऱ्या अंकात कुरकुरला, त्यालाही टाळी पडली. परतताना ट्रेलर काकांनी भरवून घेतला. आसाच्या रेषेवर खडूने फुली मारली आणि तिच्या पुढे उभे राहून एकेकाला हाका मारल्या. मला फ्लॅट उचलायला दिले.

पाचशेवर मैलांत ट्रेलरने एकही झोका घेतला नाही. मी ताशी 55च्या वर गेलो नाही, ट्रक आणि एक शाळेची बस आम्हाला ओलांडून गेली.

पुढचा प्रयोग डिसेंबरात आहे. एल्क माउंटनच्या आसपास कोणाला हिरव्या-विटकरी रंगाचं, साडेतीन फुटी वृंदावन दिसलं तर कृपया कळवावं. रंगकाम माझं आहे.