दोन अर्ज, एक मॅनेजर: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

हिंजवडी फेज थ्रीमधल्या आपल्या खुर्चीत ताठ बसावे. मॅनेजर कॉलवर आहे याची खात्री करून कंपनीचे पोर्टल उघडावे व आयजेपीचे, म्हणजे अंतर्गत भरतीचे पान शोधावे. ते सापडेपर्यंत एखादे अप्रेझल उलटून जाते.

पानावर दोन जागा दिसतील, एक डेटा टीममधली आणि दुसरी प्रीसेल्सची. दोन्ही आवडतील, कारण दोन्हीकडे तुमचा सध्याचा मॅनेजर नाही. हे कारण अर्जात लिहू नये.

पात्रता बघावी. बहुतेक ठिकाणी सध्याच्या जागेवर १२ ते १८ महिने काढल्याशिवाय अर्ज घेत नाहीत. तुमचे नऊच झाले असतील तर मार्गदर्शिका मिटून चहाला जावे.

गणिताची खुमखुमी असलेल्यांसाठी ‘सेक्रेटरी प्रॉब्लेम’ आहे. मार्टिन गार्डनर यांनी १९६० साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून तो घरोघरी पोचवला. एकामागून एक येणाऱ्या उमेदवारांपैकी पहिले ३७ टक्के नुसते पाहून सोडायचे, मग त्या सगळ्यांहून सरस असा जो पहिला येईल तो पकडायचा. दोन जागांचे ३७ टक्के म्हणजे ०.७४. पाऊण जागा नाकारता येत असेल तर जरूर नाकारावी.

नाहीतर साधी कसोटी वापरावी: ‘इकडे का यायचंय?’ याचे उत्तर दोन्ही मुलाखतींत एकच देता येते का? ‘आकड्यांवरून क्लायंटला गोष्ट समजावायला आवडतं’ हे दोन्हीकडे खपते. खुशाल दोन अर्ज करावेत. पण एकीकडे ‘शांतपणे क्वेऱ्या लिहीन’ आणि दुसरीकडे ‘माणसांशिवाय करमत नाही’ असे सांगणार असाल, तर लक्षात ठेवावे की मुलाखत घेणारे दोघेही एकाच कॅन्टीनमध्ये जेवतात. मी ताकाच्या रांगेत होतो. समोरच्या टेबलावर ते दोघे एकाच वाटीतले लोणचे घेत बसले होते. एकाने मला पाहिले आणि दुसऱ्याला हळूच दोन बोटे दाखवली. मी ताक न घेता परतलो.

तिसरा अर्ज करू नये. एक अर्ज आवड दाखवतो, दोन अर्ज उत्साह दाखवतात, तिसऱ्याला एचआर पळापळ म्हणते.

‘सबमिट’ दाबण्याआधी आपल्या मॅनेजरला स्वतः सांगावे. अनेक पोर्टले ते काम परस्पर उरकतात, आणि मेलमध्ये तुमचा सूर नसतो. तो म्हणेल, ‘अरे, आधी बोलायचंस ना!’ मग म्हणेल, ‘रिप्लेसमेंट मिळाली की लगेच सोडतो.’ ‘लगेच’ या शब्दावर घर बदलू नये, मुलांची शाळा तर नाहीच नाही.

यथावकाश डेटाची जागा ‘होल्ड’वर जाईल आणि प्रीसेल्समध्ये बाहेरचा माणूस येईल. त्याच आठवड्यात पोर्टलवर तिसरी जागा झळकेल. नीट वाचावे: ती तुमचीच आहे. पात्रताही वाचावी. तुम्ही तीत बसत नाही.