पोटॅशियम आणि चार पर्याय

उज्जैनच्या भैरवगढात कालभैरवाला मद्याचा नैवेद्य असतो. बशी ओठांशी लागते नि रिकामी होते. बाटलीतलं उरलेलं भक्ताच्या वाट्याला. म्हणून यकृताच्या तपासण्या भक्ताच्याच होतात.

त्या वाचायला सिस्टर हल्ली ऑनलाइन शिकतात. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे: नोंदणीच्या नूतनीकरणाला 5 वर्षांत 150 तास. मग रात्रपाळीत मोबाइल सलाइनच्या स्टँडला टेकवायचा. व्हिडिओ बोलतो, सिस्टर वॉर्डभर धावतात. तास दोघांचे भरतात.

शेवटी प्रश्न येतो: ‘पोटॅशियम 6.8, सिरम गुलाबी. काय कराल?’ पर्याय चार. अहो, दंडाला पट्टा फार वेळ आवळला, सिरिंज जोरात ओढली, तांबड्या पेशी फुटल्या, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर सांडलं! ईसीजी बघा, नमुना पुन्हा घ्या. हे खाटेपाशी उभ्या जुन्या सिस्टर एका भुवईत शिकवायच्या. त्या भुवईला तास मिळत नाहीत.

भैरवगढाच्याच गल्लीत बाटिकवाले छिपे तापलेलं मेण नुसत्या नजरेनं जोखतात. त्यांना अजून कुणी चार पर्याय दिलेले नाहीत.

प्रमाणपत्र मात्र देखणं येतं, सोनेरी कडेचं. नाव तेवढं तपासून घ्या, सिस्टर.