उलटं लटकण्याची फी

दुबईच्या स्टुडिओंत एरियल योगाची सुरुवात फार प्रेमाने करून देतात. छताच्या हुकातून कमरेच्या उंचीवर नायलॉनची झोळी सोडलेली असते. आधी तीत नुसतं बसायचं, मग पाय गुंडाळून डोकं खाली सोडायचं. तिथल्या मराठी मंडळींना याची नवलाई वाटते, हेच खरं नवल; ती तर तिथे कायमच टांगलेली. नोकरीचा व्हिसा साधारण २ वर्षांचा, घरभाडं पुढच्या तारखांच्या चेकांवर, आणि नोकरी सुटली की देश सोडायची मुदत मोजायला सुरुवात. ही अवस्था सरकारनेही ओळखली असावी, कारण २०२३ पासून नोकरदारांना बेरोजगारी विमा सक्तीचा आहे. त्यातून मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम मिळते, तीही एका वेळी फार तर ३ महिने. ज्यांना १० वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळाला, त्यांचा दोर जरा लांब, इतकंच. अधांतरी राहण्याचा एवढा दांडगा अनुभव असलेल्या माणसाला 'बिगिनर' म्हणून कोपऱ्यात बसवणं हा त्याच्या साधनेचा अपमान आहे. त्रिशंकूही उलटाच लटकला, पण विश्वामित्रांनी त्याच्याकडून दरमहा फी घेतल्याचा उल्लेख नाही.

हा योगच नव्हे, असं सोवळ्यातले लोक म्हणतील. हा प्रकार लोकप्रिय केला तो न्यूयॉर्कच्या ख्रिस्तोफर हॅरिसन या नर्तकाने, हे खरं. पण पुण्यात बी. के. एस. अय्यंगार भिंतीला दोर बांधून शिष्यांना लटकवत होतेच, आणि दोरीच्या मल्लखांबात तर झोळीचाही लाड नाही. दोर पायाच्या अंगठ्यात धरायचा आणि वर चढायचं. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर झाली, तो शिकवणाऱ्या उदय देशपांड्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. तरी घरातलं पोर दोरीवर चढलं की आपण 'हात मोडेल, उतर खाली' म्हणतो, आणि तीच कसरत दिरहममध्ये मिळाली की तिचे फोटो गावाकडच्या ग्रुपवर टाकतो.

पण पाठ हलकी वाटते ना, मग टिंगल कशाला, असाही सवाल येईल. वाटत असेल, उलटं झाल्यावर मणक्यावरचा भार तेवढ्यापुरता कमी होतो. मात्र रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डोकं खाली करू नये, ही सूचना जाहिरातीत बारीक अक्षरांत असते, असली तर. दुबईतच, स्टुडिओच्या काचेबाहेर, इमारत पुसणारा कामगारही दोरावरच असतो. दोरावरच्या कामाचा रीतसर नियम असा की त्याला दोन दोर हवेत: एक कामाचा, दुसरा पहिला तुटला तर. काचेच्या आत, फी भरून लटकणाऱ्याला असा दुसरा दोर सहसा नसतो. म्हणून वर्गात नाव घालण्याआधी शिक्षिकेच्या आसनांचं कौतुक थोडं बाजूला ठेवा आणि हुक किती किलो पेलतो, तो शेवटचा कुणी आणि कधी तपासला, एवढं विचारा. उत्तर देताना ती छताकडे पाहू लागली, तर फी भरू नका.